आग्नेय कोपरा

सुरुची शिरगावकर काय गोळा करते, हे सांगण्याआधी ती काय गोळा करत नाही ते सांगितलेलं बरं. घर पाडायला निघालं की सागवानी दरवाजे जुन्या लाकडाचे व्यापारी नेतात. खिडक्यांचे गज, नळ, वायरी कबाडी नेतो. धड निघालेल्या विटा ठेकेदार गुपचूप बाजूला काढतो. या तिघांनी हात झटकले की जे उरतं, ते सुरुचीचं. उखडलेली फरशी, रंगाचे थरावर थर चढलेला गिलाव्याचा पापुद्रा, टाइल्ससकट निखळलेला न्हाणीघराचा तुकडा. एकदा ती संडासाची जुनी भांडी टेम्पोत चढवत होती, तेव्हा एक कबाडी कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मैडम, आप तो हमसे भी आगे निकल गईं." हे सुरुची मुलाखतींमधून कौतुक म्हणून सांगते. कबाड्याला ते कौतुक म्हणायचं होतं का, हे त्याला कुणी विचारलेलं नाही.

ती मूळची ग्वाल्हेरची. तीन पिढ्या तिथे काढलेलं घर, त्यामुळे मराठीत हिंदी अशी मिसळलेली की वेगळी काढायची तर चाळण लागावी. राहायची भोपाळात, आणि काम करायची अयोध्या नगरच्या टोकाला भाड्याने घेतलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. शेडमध्ये पहार होती, दोर होते, लोखंडी कंस होते. हातोडा नव्हता. हा तिचा नियम. घर पाडणारे जिथे तडा पाडतील, तिथूनच तुकडा उचलायचा. आपण नवीन तडा पाडायचा नाही. नियम म्हणजे कलाकाराचं सोवळं. आजीच्या सोवळ्याला हसणारी माणसं स्वतःचं सोवळं मात्र इंग्रजीत छापून वाटतात. सुरुचीच्या प्रत्येक पत्रकावर पहिलं वाक्य हेच असे: मी काहीही मोडत नाही.

चाळिशी उलटली तरी सुरुचीच्या जमेला मुख्यतः सहभागाची प्रमाणपत्रं होती. या वर्षी पहिल्यांदा काहीतरी घडण्याची चिन्हं होती. शहरातल्या एका कलादालनात तिचं एकटीचं प्रदर्शन ठरलं होतं, आणि उद्घाटनाला दिल्लीहून एक बाई येणार होत्या. दिल्लीच्या मोठ्या प्रदर्शनासाठी मध्य प्रदेशातून एक, फक्त एक कलाकार त्या निवडणार होत्या. त्यांनी फोटो पाहून आधीच कळवलं होतं की ती फरशी मला बघायची आहे.

ती फरशी म्हणजे बिट्टन मार्केटच्या मागच्या एका जुन्या बंगल्यातल्या स्वयंपाकघराचा कोपरा. बंगला पाडून तिथे फ्लॅट होणार होते, तळघरात पार्किंग. फरशी जुन्या पद्धतीची, करड्या-हिरव्या दगडी चिप्सची, जागेवरच ओतून घासलेली. यंत्राच्या हादऱ्याने तिला तडे गेले होते, आणि एक मोठा चौरस जवळजवळ आपणहून सुटा झाला होता. त्या चौरसाच्या एका कोपऱ्यात वीतभर पांढऱ्या संगमरवराचा तुकडा बसवलेला. बाकीची फरशी झिजून मळली होती, पण तो पांढरा तुकडा लोण्यासारखा गुळगुळीत, किंचित पिवळसर, आतून उजळल्यासारखा दिसे. तो तिथे का आहे, हे सुरुचीला कळलं नव्हतं. आणि कलाकाराला न कळलेल्या गोष्टीला गूढ म्हणतात. तिने ती फरशी लोखंडी कंसांवर भिंतीला उभी टांगली, 'अनाम कोपरा' असं नाव दिलं, आणि खाली लिहिलं: 'येथे कुणीतरी उभे होते. आता नाही.'

प्रदर्शन मांडणारा आशिष इंदूरचा. तो वाचून म्हणाला, "वा! काय लाइन आहे यार. दिल्ली पक्की."

आशिषने फरशीचा फोटो प्रदर्शनाच्या निमंत्रणावर टाकला. निमंत्रण महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं. आणि दोन दिवसांनी, भर दुपारी, शेडच्या दाराशी एक म्हातारं जोडपं येऊन उभं राहिलं.

सदाशिवराव आठल्ये कारखान्यात इंजिनिअर होते. पुण्याहून नोकरीसाठी आले, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. सुशीलाबाईंची मराठी मात्र आजही अशी की सदाशिव पेठेतून सकाळच्या गाडीने आल्यासारखी वाटावी. दाराजवळ रचलेल्या संडासाच्या भांड्यांकडे पाहून त्यांनी पदर सावरला, वळसा घेऊन आत आल्या, आणि भिंतीवरची फरशी दिसताच जागच्या जागी थबकल्या.

"अगंबाई! उभा केलास की गं त्याला!"

"कुणाला, काकू?"

"अहो, बघितलंत का? उभा केलाय!"

सदाशिवराव बघत होतेच. चष्मा पुसू लागले.

"काकू, बसा ना आधी," सुरुचीने पाण्याचा तांब्या पुढे केला. "हे तुमच्या घरातलं आहे का?"

"घरातलं काय विचारतेस? हा खळगा दिसतो ना, हा वरवंट्याचा. आमच्या समीरच्या मुंजीच्या आदल्या दिवशी माझ्या जावेच्या हातून पडला. जावेने कबूल नाही केलं अजून." सुशीलाबाईंनी पांढऱ्या तुकड्याकडे बोट केलं, पण हात लावला नाही. "आणि हा आमचा वास्तुपुरुष."

सुरुचीच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पोरीला घरात काही शिकवलंच नाही वाटतं. मग सांगू लागल्या. नवीन घर बांधलं की वास्तुशांत करतात. घराच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा डबीत घालून पुरतात. पालथी. तोंड जमिनीकडे. वरून फरशी. जागा विसरू नये म्हणून तिथे वेगळा दगड. त्यावर पाय ठेवायचा नाही, आणि सणावाराला, आमच्याकडे तर दर अमावास्येला, दहीभाताचा घास ठेवायचा.

"तूप सांडून सांडून तो दगड असा झालाय बघ," त्या म्हणाल्या. "आणि तू लिहिलंयस, इथे कुणीतरी उभं होतं. उभं कुणी नव्हतं गं. झोपलेला असतो तो."

सुरुचीने ओशाळून स्वतःच्या वाक्याकडे पाहिलं. भिंतीवर लिहिलेलं वाक्य खाली उतरवता येत नाही, एवढंच तिला त्या क्षणी कळलं.

"मग घर विकताना तुम्ही तो काढून नाही घेतला?"

झालं होतं असं की आठल्यांच्या संसारात खाती वाटलेली होती. देवाचं खातं सुशीलाबाईंचं, सिमेंटचं खातं सदाशिवरावांचं. कुणी कुणाच्या खात्यात लुडबुड करायची नाही, आणि त्यामुळेच संसार इतका सुरळीत चालला, असं दोघंही चारचौघांत सांगत. पण वास्तुपुरुष हा सिमेंटखाली पुरलेला देव. घर सोडताना बाईंना वाटलं, खणायचं काम यांचं. रावांना वाटलं, देव हिने देवघराबरोबर उचलले असतील. ट्रक नवीन फ्लॅटवर पोचला, देव मांडून झाले, आणि पहिल्या अमावास्येला दहीभाताची वाटी हातात घेऊन सुशीलाबाई चौथ्या मजल्यावरच्या चकचकीत टाइल्सवर उभ्या राहिल्या, तेव्हा हिशेब उघडकीला आला. धावत गेले तर बंगल्याच्या जागी खड्डा होता.

"वर्षभर मला अन्न गोड लागलं नाही," सुशीलाबाई म्हणाल्या. "गुरुजी फोनवर म्हणाले, मनोभावे क्षमा मागा, संपलं. त्यांचं काय जातंय? अन् परवा मोबाइलवर फोटो! मी तर ओरडलेच. सापडला म्हटलं!"

आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

नेमकं त्याच वेळी सुरुचीला आठवलं. फरशी उचलली त्या दिवशी, दोन मजुरांनी पहारीने कड वर केली तेव्हा त्या पांढऱ्या दगडाच्या बरोबर खाली माती वेगळी होती. मऊ, वाळूची, एखादा जुना खड्डा भरून काढल्यासारखी. तिला वाटलं, जुनी नळाची लाइन असेल. तिने फरशी टेम्पोत चढवली, खालची माती तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी यंत्राने तळघरासाठी ती सगळी माती उपसली आणि डंपर ती कुठेतरी ओतून आले.

म्हणजे फरशीत कुणी नव्हतं. ती फक्त झाकण होती.

तिने सदाशिवरावांकडे पाहिलं. ते फरशीच्या कडेशी उभे राहून अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये तिची जाडी धरून बघत होते, जसा कापडवाला पोत बघतो. मग त्यांनी बोटं खिशात घातली आणि शेडच्या पत्र्याकडे बघत म्हणाले, "गळतं का हो पावसात?"

सुरुचीला आता एकच भीती होती. या बाई म्हणणार, फोडून काढून दे. हातोडा आणावा लागणार. फरशी जाणार, दिल्ली जाणार, आणि आत काहीच निघणार नाही.

"काकू, तो बाहेर काढायचा झाला तर हे सगळं मोडेल हो..."

"शुभ बोल!" सुशीलाबाईंनी तिला मध्येच तोडलं. "वास्तूसमोर अभद्र बोलू नये. तो सारखा तथास्तु म्हणत असतो. आणि फोडायचं कोण म्हणतंय? अगं, माझ्या वास्तूवर मी घण घालू देईन होय? फ्लॅटमध्ये तरी कुठे पुरू त्याला, खालच्यांच्या पंख्यात? तुझ्याकडे आहे तर राहू दे. फक्त आडवा कर बाई. एवढंच. उभं राहून राहून पाय दुखले असतील त्याचे."

जाताना त्यांनी विचारून घेतलं की उद्घाटन कधी. शनिवारी म्हटल्यावर बोटांवर मोजलं आणि चेहरा उजळला. "अमावास्याच आहे. मी दहीभात घेऊन येते."

---

"डोकं फिरलंय का तुझं?" आशिष दालनाच्या मधोमध उभा राहून म्हणाला. फरशी शेडमधून आणून दालनाच्या भिंतीवर टांगून झाली होती. "भिंतीवर टांगलेली फरशी म्हणजे कला. जमिनीवर ठेवलेली फरशी म्हणजे... फरशी!"

गेले दोन दिवस सुरुची स्वतःलाही हेच सांगत होती. तिने त्याला सगळं सांगितलं. खालची मऊ माती, डंपर, सगळं.

"अरे मग प्रॉब्लेमच संपला! त्यात काही नाहीच आहे. सांगून टाक काकूंना. कहानी खतम."

"काय सांगू? तुमचा वास्तुपुरुष मी बघितला नाही, आणि तो मलब्यात गेला?"

"थोडं गोड करून सांग."

"तूच सांग ना मग गोड करून. नंबर देते."

आशिषने नंबर घेतला नाही. इंदूरकर माणूस खायला-खिलवायला पुढे असतो, पण अशा कामाला तो दुसऱ्याचा हात शोधतो. त्याने दुसरी वाट काढली. उद्घाटनाला उभी ठेवू, दिल्लीवाल्या बाई बघून गेल्या की आडवी करू, काकूंना वेळ एक तास उशिराची देऊ. वाट चांगली होती. सुरुचीने ती मनातल्या मनात दोनदा चालून पाहिली. वाटेत कुठेही अडखळायला झालं नाही, पण शेवटी सुशीलाबाई दहीभाताची वाटी घेऊन उभ्याच दिसायच्या.

तिने पुढे जे केलं, त्यात तिचा चांगुलपणा किती, संकोच किती आणि त्या म्हातारीच्या जिभेची धास्ती किती, याची वाटणी करत बसू नये. एक गोष्ट मात्र होती. मी काहीही मोडत नाही, हे वाक्य तिने इतक्या पत्रकांवर छापलं होतं की आता ते तिच्याच अंगाशी आलं होतं. शुक्रवारी तिने चार माणसं बोलावली, कंस काढले आणि फरशी उतरवली. दालनाच्या आग्नेय कोपऱ्यात, अग्निशामक नळकांड्याशेजारी, ती जमिनीवर आडवी ठेवली. भिंतीवर कंसांची भोकं उरली. आशिषने तिथे घाईघाईने गिलाव्याचा एक पापुद्रा टांगला आणि दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

---

शनिवारी संध्याकाळी दालनात गर्दी चांगली होती. मंडळाची माणसं होती, कॉलेजची मुलं होती, फुकटच्या सामोशांवर लक्ष ठेवून असलेले नेहमीचे कलारसिक होते. सुशीलाबाई इरकली नेसून आल्या होत्या. कोपऱ्यात आडवी फरशी दिसताच त्यांनी सुरुचीच्या हनुवटीला बोटं लावून ती आपल्या ओठांना लावली. मग खाली बसल्या, फडक्याने पांढरा दगड पुसला, पाण्याचा छोटा चौकोन काढला, केळीच्या पानाच्या तुकड्यावर दहीभाताची मूद ठेवली आणि डोळे मिटले. दोन कॉलेजकुमारांना वाटलं, हा प्रदर्शनाचाच भाग आहे. त्यांनी व्हिडिओ काढायला सुरुवात केली.

दिल्लीच्या बाई आल्या त्या फोनवर बोलत बोलत. उंच, पांढऱ्या केसांच्या, कोऱ्या खादीच्या साडीतल्या. भिंती बघत, मागे मागे सरकत त्या कोपऱ्यापर्यंत आल्या आणि त्यांचा एक पाय फरशीवर पडला.

"अहो, उतरा खाली! पाँव! पाँव हटाइए!"

सुशीलाबाईंचा आवाज शाळेच्या घंटेसारखा वाजला. दिल्लीच्या बाईंनी दचकून पाय उचलला, खाली पाहिलं, दहीभात पाहिला, आणि मग हळूहळू ओळख पटल्यासारखं त्यांच्या तोंडून आलं, "यह तो वही है! फोटोवाला! यह नीचे कैसे आ गया?"

आशिष पुढे झाला, पण सुरुची आधी बोलली. या बाईंसाठी तिने पाठ केलेलं सगळं, स्मृती, रिक्तता, अनुपस्थिती, जिभेवर तयार होतं. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. "ये इन काकू के रसोईघर का कोना है," ती म्हणाली. "जिस घर में था वो टूट गया." मग वास्तुपुरुषाचं सांगितलं, जेवढं तिला कळलं होतं तेवढं.

बाईंनी लक्ष देऊन ऐकलं. त्या वाईट नव्हत्या, आणि त्यांना घाईही नव्हती, हे त्यांच्या जमेला लिहिलं पाहिजे. "तो इसके अंदर सचमुच मूर्ति है?"

सुरुचीने सदाशिवरावांकडे पाहिलं. सदाशिवराव अग्निशामक नळकांड्यावरची तारीख वाचत होते.

"है ना," सुशीलाबाईच म्हणाल्या. "पण बघायची नसते. पालथा असतो तो. त्याला बघायचं नसतं, त्याच्यापुढे ठेवायचं असतं." हिंदी-मराठी जशी आली तशी त्या बोलल्या, आणि दिल्लीच्या बाईंना सगळं समजलं, असं त्यांच्या मान डोलावण्यावरून वाटलं.

त्या थोडा वेळ फरशीकडे बघत राहिल्या. मग सुरुचीला बाजूला घेऊन म्हणाल्या की मला हेच हवं आहे, पण भिंतीवर. दिल्लीत लाखभर माणसं येतात, जमिनीवर काही ठेवताच येत नाही. भिंतीवर लावा, मी आत्ता नाव लिहून घेते. आशिषने खिशातलं पेन काढून पुढे केलं.

"दीवार पे नहीं होगा, मैडम," सुरुची म्हणाली.

"क्यों? टूट जाएगा?"

किती सोपं होतं. हो म्हटलं की झालं. मान राहिला असता, कारण टिकलं असतं, कदाचित बाईंनी दुसरं एखादं काम तरी घेतलं असतं. पण वास्तूसमोर अभद्र बोलायचं नव्हतं, आणि दोन हातांवर सुशीलाबाईंचे कान होते.

"नहीं. टूटेगा नहीं," ती म्हणाली. "वो लेटा हुआ है, इसलिए."

दिल्लीच्या बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, हसून तिचा दंड दाबला आणि शेजारच्या दालनात गेल्या. तिथे जबलपूरच्या एका तरुणाची बांबूची कामं होती. भिंतीवर लावता येण्यासारखी.

"बांबू!" आशिष म्हणाला आणि सामोसे घ्यायला गेला. त्याला दुःख झालं की भूक लागते.

गर्दी ओसरली तेव्हा सदाशिवराव सुरुचीजवळ येऊन उभे राहिले. पाठमोऱ्या बायकोकडे बघत, ओठ फारसे न हलवता ते म्हणाले, "फरशी तीन इंच आहे."

"माहितीये, काका."

"खड्डा हातभर खोल होता. मी उभं राहून खणून घेतला होता."

"तेही कळलं. खालची माती मी पाहिली होती."

सदाशिवरावांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आणि तरी दिल्ली सोडलीस?"

"तुम्ही का नाही बोललात काकूंना?"

"मला रोज तिच्या हातचं जेवायचंय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, "सिमेंटचं खातं माझं होतं गं."

तेवढ्यात सुशीलाबाईंनी हाक मारली. पानावरची मूद तशीच होती. मुंग्यांनाही प्रदर्शनाचा पत्ता लागला नव्हता.

"ये, बस. नैवेद्य घरच्या माणसाने खायचा असतो. यांना दही चालत नाही, खोकला होतो. तू खा."

सुरुची फरशीच्या कडेला, पण फरशीवर नाही, अशी मांडी घालून बसली. पहिला घास तोंडात घातला तोच दालनाचा पहारेकरी धावत आला. "मैडम, हॉल में खाना मना है."

"खाना नहीं है ये," सुशीलाबाई म्हणाल्या, "नैवेद्य है. तुम भी लो." आणि त्याच्या तळहातावर एक घास ठेवला. पहारेकऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि खाल्ला.

भात थंड झाला होता. दही घरचं, मिरची तळून चुरलेली. सुरुचीला आठवेना, शेवटचं तिला असं कुणी खाली बसवून कधी भरवलं होतं.

"प्रदर्शन संपल्यावर हा कुठे जाणार?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"माझ्या शेडमध्येच, काकू."

"म्हणजे पुढच्या अमावास्येला मी तिकडे यायचं. आग्नेय कोपरा कुठला तुझ्या शेडचा?"

सुरुचीला ठाऊक नव्हतं. सदाशिवरावांनी डोळे मिटून त्या दुपारचं ऊन पत्र्याच्या कुठल्या बाजूने येत होतं ते आठवलं, बोटाने हवेत शेड आखली, दार आखलं.

"दाराजवळचा," ते म्हणाले. "तिथे हिने ती संडासाची भांडी रचून ठेवली आहेत बघ."

सुशीलाबाईंनी पानावरचा शेवटचा घास सुरुचीच्या पुढे सरकवला.

"ती आधी हलव," त्या म्हणाल्या.